ताप नव्हता

पणजी

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझी शर्यत बिघडल्याबद्दल मावशीने विचारले, तेव्हा "तिला आदल्या रात्री ताप होता" असे सांगून टाकल्याचे आई काल फोनवर म्हणाली. आई, ताप नव्हता. तू मायेने पांघरूण घातलेस हे कळते, पण मी "ठीक झाली" एवढेच बोलून विषय बदलला नसता, तर तुला कारण शोधावे लागले नसते.

२१.१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत संपवायची, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला सुमारे पाच मिनिटे चाळीस सेकंद, असे ठरले होते. मी मात्र पहाटेच्या गारव्याला भुलून आणि पुढच्यांच्या ओघात पहिले पाच किलोमीटर सव्वापाच मिनिटांच्या वेगाने धावले, आणि घड्याळ पाहून खूशही झाले. आपल्याकडच्या दमट हवेत घाम ओघळतो, पण लवकर सुकत नाही, आणि तो सुकल्याशिवाय अंग निवत नाही. मग हृदयाला पायांबरोबर त्वचेकडेही जास्त रक्त पाठवावे लागते आणि वेग तोच असला तरी नाडी चढत जाते. मिरामार ते दोनापावला रस्त्यावर हे मी वर्षभर अनुभवले आहे, तरीही त्या सकाळी विसरले. चौदाव्या किलोमीटरनंतर पाय जड झाले, उरलेले अंतर धावत-चालत काढले आणि २ तास १७ मिनिटे लागली. गेल्या वर्षीपेक्षा अकरा मिनिटे जास्त!

बाबा, सुरुवातीलाच लय चढवली तर गजरापर्यंत हात पुरणार नाहीत, असे तुम्ही भजनात नवख्या पखवाजवाल्याला बजावता. ते ऐकत मी लहानाची मोठी झाले. पायांना ते लागू आहे हे कळायला अडतीस वर्षे लागली.

दोन दिवस बुटांकडे पाहवत नव्हते. मग आपल्या बीडच्या अविनाश साबळेची आठवण झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, प्राथमिक फेरीत त्याने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तरी अंतिम फेरीत जागा मिळाली नाही. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक. त्याच्याशी माझी तुलना करण्याइतकी मी भाबडी नाही, आणि माझ्या खात्यात विक्रमही नाही. पण निकालाचा एक आकडा सगळी शर्यत सांगत नाही एवढे त्यावरून पटले, म्हणून वही काढून प्रत्येक किलोमीटरची वेळ लिहिली. सहाव्यापासून चौदाव्यापर्यंतची माझी धाव गेल्या वर्षीपेक्षा चांगली होती. बिघाड दमात नव्हता, घाईत होता. आणि घाई मला सुधारता येते. कालपासून घड्याळ मनगटाऐवजी खिशात ठेवून, बोलता येईल इतक्या संथ गतीने पहिले पाच किलोमीटर धावते आहे. फार कंटाळवाणे आहे, खरे सांगते.

रविवारी साखळीला घरी येते. आई, उकड्या तांदळांची पेज करून ठेव, आणि गुडघ्यांबद्दलचे व्याख्यान पेज संपल्यावर दे. मावशी पुन्हा भेटली तर तिला सांग, घाई केली म्हणून बिघडली.

तुमची,
बाय