मिस्त्रीकाका, गेरूच्या त्या रेषेबद्दल

मिस्त्रीकाका, सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही अशी तुमची अट, म्हणून नुसतं मिस्त्रीकाका. सांगलीच्या गावभागातलं आमचं घर गेल्या महिन्यात विकलं गेलं. खरेदीखत, किल्ल्या, आईची रडारड या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहूनच गेले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हा आमच्या खालच्या खोल्यांत साडेचार फूट पाणी होतं. २०२१ ला परत आलं. मग आई माझ्याकडे पुण्याला आली आणि घराला कुलूप लागलं. विकायला काढलं, तर येणारं गिऱ्हाईक दारातूनच भिंत बघायचं, "घरी विचारून कळवतो" म्हणायचं, की संपलं. एजंट म्हणाला, पुट्टी मारून रंग द्या, डाग दिसणार नाही. दिला. पुढचा पावसाळा सरायच्या आत पापुद्रे सुटले. त्या रंगाचे पैसे आठवले की अजून जीव जळतो.

तुम्हाला बोलावलं होतं ते जिन्याची एक पायरी बसवायला. नेमकं तेव्हाच ते जोडपं घर बघायला आलं. ती फिजिओथेरपिस्ट, दवाखान्याला जागा शोधत होती. आत शिरताच तिनं नाकाला रुमाल लावला. तुम्ही कुणी न विचारता पिशवीतून दोरी काढलीत, गेरूत घोळवलीत, एक टोक माझ्या हातात दिलंत आणि पाण्याच्या उंचीवर चारी भिंतींवर फटाफट रेषा मारलीत. मी मनात म्हटलं, गेलं हेही गिऱ्हाईक!

"पाणी हितवर आलतं. लपवायचं कशाला? आता ह्याच्या खाली काय ठेवायचं न्हाई, ते बघू."

मग थापीच्या दांड्यानं भिंत ठोकत निघालात. बद्द आवाज आला की खडूची फुली. मूळ बांधकाम चुन्यातलं. बाबांनी मधे कधीतरी वरून सिमेंटचा गिलावा करून घेतला, त्यानं ओल आत कोंडली. तो काढून चुन्याचा करा, भिंत वाळंल, वीट खणखणीत हाय, म्हणालात. वायरिंग छतातून खाली आणा, सगळे बोर्ड रेषेच्या वर. प्लायवूड नको, कडाप्प्याच्या फळ्या टाका. स्वयंपाकघर माडीवर. दवाखान्यातलं टेबल असं घ्या, की दोघांनी उचलून जिन्यानं वर नेता येईल. आणि कठड्यावरचा तो चॉकलेटी ऑइलपेंट पटाशीनं वीतभर खरवडलात, तर खाली सागवान! लहानपणी त्याच कठड्यावरून घसरून मी दोन फ्रॉक फाडलेत, पण तो सागवानी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तिनं रुमाल कधी काढला ते कळलंच नाही. "टेबल इथं, खिडकीपाशी बसेल का?" म्हणत ती पावलांनी खोली मोजायला लागली होती. दोन वर्षांत त्या घरात कुणी काही मोजलं नव्हतं.

आणि एवढं जमत आलेलं असताना तुम्ही त्यांना सांगितलंत, "पाटबंधारे खात्याचा पूररेषेचा नकाशा बघा, मगच इसार द्या." तेव्हा मला तुमचा रागच आला होता, आता कबूल करते. पण ते बघून आले आणि तरीही परत आले. मागितल्यापेक्षा तीन लाख कमी मिळाले, ते मला चालले. चाललं नाही ते एकच. त्यांनी काम दिलं त्यांच्या मेहुण्याला. तुम्ही फोनवर "असू दे की" म्हणालात, पण मला लागून राहिलंय. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं सांगली-मिरजेत पुरातलं घर पडून असेल, तर मला विचारा, काकांचा नंबर त्यांना विचारून देईन.

तुमचा ओळंबा माजघरातल्या फडताळात राहिलाय. नव्या मालकांना सांगून ठेवलंय, कधीही जाऊन घ्या. ती म्हणाली, यायच्या आधी फोन करा म्हणावं, टेबल कुठलं घ्यायचं ते अजून ठरत नाहीये.