निंगिशझिदा केवळ मृत्यूचा देव नव्हता

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला सुमेरच्या (आजच्या दक्षिण इराकमधल्या प्राचीन संस्कृतीच्या) देवदेवतांवरचा लेख आवडला. मराठीत या विषयावर फारसं वाचायला मिळत नाही. पण त्यात निंगिशझिदाची 'पाताळातला सर्पदेव' एवढ्यावरच बोळवण केली आहे, ती खटकली.

तो पाताळातला होता हे खरंच, पण तो झाडापाल्याचाही देव होता. उन्हाळ्यात हिरवळ करपते, तेव्हा हा तरुण देव खाली गेला असं मानून लोक त्याच्यासाठी शोक करत. एका सुमेरियन काव्यात 'गल्ला' नावाचा यमदूतासारखा पाताळातला दूत त्याला नावेत घालून नेतो आहे आणि बहीण 'दादा, मलाही तुझ्याबरोबर येऊ दे' म्हणून विनवते आहे. तिला सांगितलं जातं, की तिथल्या नदीला पाणी नाही, शेतात धान्य पिकत नाही, मेंढ्यांच्या अंगावर लोकर नाही. तू येऊन करशील काय? शेतकरी आणि मेंढपाळांच्या समाजाने मरणाची कल्पना अशी केली होती. हे वाचल्यावर त्याला नुसता भयंकर देव म्हणवत नाही.

लगश या सुमेरियन नगरराज्याचा राजा गुडिया (इ. स. पू. २२ वे शतक) निंगिशझिदाला आपला खास देव मानत असे. गुडियाने त्याला वाहिलेलं संगजिऱ्याचं अर्घ्यपात्र लगश राज्यातल्या गिरसू शहराच्या उत्खननात सापडलं, ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. उंची जेमतेम वीतभर. मधल्या दंडाला विळखे घालत काठापर्यंत चढलेले दोन साप, आणि बाजूंना पंखवाले दोन अक्राळविक्राळ प्राणी. त्यावर कोरलेल्या मजकुरात गुडिया मागतो काय, तर दीर्घायुष्य! पाताळातल्या देवाकडे आयुष्य मागणारा हा राजा लेखात यायलाच हवा होता. अदपा या ज्ञानी पुरुषाच्या प्राचीन कथेत तर हाच देव, पाताळात जाणाऱ्या दुमुझी या दुसऱ्या देवाबरोबर, थेट स्वर्गाच्या, आकाशदेव अनूच्या दारात उभा आहे.

या सापांचं छायाचित्र दाखवून आपल्या नागपूजेशी थेट नातं जोडणारे मजकूर समाजमाध्यमांवर फिरत असतात. त्याला पुरावा नाही, आणि निंगिशझिदाला उसन्या मोठेपणाची गरजही नाही.

पुढच्या एखाद्या रविवारी त्याच्यावर स्वतंत्र लेख द्यावा आणि त्यात बहिणीच्या विलापाचा मराठी अनुवाद जरूर छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा