एका घडासाठी ट्रक कोण सोडतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘मायक्रोकर्नल मुळातच संथ’ असे ठाम वाक्य वाचले. (मायक्रोकर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, अगदी छोटा ठेवून बाकीची कामे बाहेरच्या प्रोग्रामांकडे सोपवायची रचना.) त्यावरून फैजपूरच्या आमच्या घरात दोन दिवस वाद चालला. पुतण्याचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प याच विषयावर आहे, आणि मी तंत्रनिकेतनात ऑपरेटिंग सिस्टीम शिकवून निवृत्त झालो आहे.

संथपणा खोटा नाही, पण सगळे खापर मायक्रोकर्नलवर फोडणे बरोबर नाही. पुतण्या ‘हर्ड’ या मायक्रोकर्नलवर चालणाऱ्या सिस्टीमवर काम करतो. त्यात माख हा छोटा कर्नल आणि फाइल सिस्टीम हा बाहेरचा स्वतंत्र प्रोग्राम. हवे ते पान, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, मेमरीत नसले की पेज फॉल्ट होतो. मग कर्नल फाइल सिस्टीमला निरोप धाडतो, ती डिस्कवरून पान काढून देते आणि अडलेला प्रोग्राम पुढे सरकतो. पान ४ किलोबाइटचे, आणि एका खेपेला एकच. म्हणजे १ मेगाबाइटची फाइल सलग वाचायला २५६ खेपा!

पोरगा तीन आठवडे निरोपाचाच कोड घासत बसला होता. शेवटी त्याला मळ्यात घेऊन गेलो. केळीची कापणी चालू होती. मजूर एकेक घड खांद्यावरून बांधापर्यंत आणत होता. ते ठीक, घडाला मार लागला की व्यापारी भाव पाडतो. पण बांधावरून ट्रक एकेका घडासाठी सोडतात का? मी त्याला म्हटले, ‘‘भो, तू ट्रक जोरात पळवायला निघालायस. आधी भर तरी!’’ एका खेपेत १६ पाने आणली तर त्याच फाइलला १६ खेपा पुरतात. शिवाय फिरत्या डिस्कवर खरा वेळ जातो तो हेड, म्हणजे वाचणारा भाग, जागेवर नेण्यात. फाइलमधली शेजारची पाने डिस्कवरही बहुधा शेजारीच असतात, ती त्याच फेरीत उचलता येतात.

गंमत अशी की माखच्या पान मागण्याच्या निरोपात ‘लांबी’चा रकाना मुळातच आहे. पण आम्ही चाळलेल्या आवृत्तीत हर्डची पेजर लायब्ररी (पाने पुरवणारा कोड) एका पानाशिवाय दुसरी लांबी स्वीकारतच नाही. रकाना आहे, भरायची मुभा नाही. आपल्याकडच्या सरकारी अर्जांची आठवण झाली.

सरसकट १६ आणणेही शहाणपणाचे नाही. डेटाबेससारखा प्रोग्राम इकडचे एक, तिकडचे एक पान मागतो. तिथे जास्तीची पाने नुसती जागा अडवतात आणि कामाची बाहेर ढकलली जातात. म्हणून वाचन सलग आहे असे दिसले तर खेप वाढवत न्यायची, उडी दिसली की पुन्हा एकावर यायचे. मॅडव्हाइस (madvise) हा सिस्टीमला सूचना देणारा कॉल वापरून प्रोग्रामलाही आपली चाल आधी सांगता येते.

आणि निरोप तरी संथ असलाच पाहिजे असे कुठे आहे? योखेन लीडटके या जर्मन शास्त्रज्ञाने १९९३ सालीच दाखवले होते की ४८६ प्रोसेसरवर माखला ज्या छोट्या निरोपासाठी ११५ मायक्रोसेकंद लागत, तो त्याच्या एल३ या मायक्रोकर्नलमध्ये ५ मायक्रोसेकंदांत जातो. पुढे त्याच्याच एल४ मध्ये पेज फॉल्ट हा असाच एक निरोप म्हणून बाहेरच्या पेजरकडे जाऊ लागला. तरी माखच्या काळातले वाक्य पाठ्यपुस्तकांतून जसेच्या तसे उतरत राहिले. हेच सगळे उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला शून्य मिळाले होते. अपेक्षित उत्तर एका ओळीचे होते: ‘संथ असते.’

पुतण्याचे काम अजून अर्धवट आहे. खेप ८ पानांवर नेली की चालते. परवा ३२ वर नेली तर मशीनच गोठले. रिकामी मेमरी उरली आहे का, हे न बघताच तो मागत सुटला होता.

लेखाच्या चौकटीत मात्र ‘पेजिंग म्हणजे पानांना क्रमांक देणे’ असे छापले आहे. पेजिंग म्हणजे वर सांगितलेली पानांची ने-आण. तेवढे कृपया दुरुस्त करावे.

— एक निवृत्त शिक्षक, फैजपूर (जि. जळगाव)