मशीन बंद असते तेव्हाचे नियम कुठे आहेत? कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: व्हॅक्यूम आणि प्लाझ्मा मशीनच्या देखभालीतील सुरक्षितता

स. न. वि. वि.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात दाबाच्या यंत्रांसाठी कलम ३१ होते. एखादे यंत्र वातावरणापेक्षा जास्त दाबावर चालत असेल, तर सुरक्षित दाबाची मर्यादा ओलांडली जाणार नाही याची व्यवस्था मालकाने करायची, असा त्याचा अर्थ. म्हणून कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीची सक्षम व्यक्तीकडून तपासणी होते, प्रमाणपत्र फाइलला लागते. त्याच शेडमधली पीव्हीडी कोटिंगची, म्हणजे हवा काढलेल्या बंद चेंबरमध्ये हत्यारांवर धातूचा पातळ थर चढवणारी, मशीन मात्र वातावरणापेक्षा कमी दाबावर चालते, त्यामुळे ती या कलमात बसतच नाही. खरी मेख पुढे आहे. बॅच संपल्यावर दार उघडण्याआधी चेंबरमध्ये नायट्रोजन किंवा आरगॉन सोडून ते ‘वेंट’ करावे लागते, म्हणजे आतला दाब बाहेरच्याइतका आणावा लागतो. गॅस सिलिंडरमधून येतो, सिलिंडरमध्ये दाब १५० बारच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दीडशे पट. रेग्युलेटर जास्त उघडा राहिला आणि चेंबरला जादा दाब आपोआप सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह नसला, तर पोकळीसाठी बांधलेले तेच चेंबर काही मिनिटांपुरते दाबाचे भांडे होते. एक मीटर व्यासाच्या दारावर नुसता ०.१ बार जादा दाब म्हणजे सुमारे ८०० किलोचा रेटा. त्या वेळी क्लॅम्प सोडणारा माणूस दाराच्या समोर उभा असतो.

मी भोसरी-चाकण पट्ट्यात अशा मशीनची देखभाल करतो. ड्रिल आणि एंडमिलवर जो सोनेरी थर दिसतो, तो टायटॅनियम नायट्राइडचा. तो चढवणारी चेंबरे, प्लाझ्मात, म्हणजे विजेने चेतवलेल्या वायूत, गिअर-डायचा पृष्ठभाग कडक करणाऱ्या नायट्रायडिंगच्या भट्ट्या, व्हॅक्यूम फर्नेस हे आमचे रोजचे काम. पुण्याचा वाहन उद्योग या थरांवर चालतो म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. चालू मशीन तशी सज्जन असते. दार बंद, प्लाझ्मा आत, ऑपरेटर बाहेर पॅनलपाशी. माणसाला धोका होतो तो मशीन थांबल्यावर, दार उघडल्यावर, आत हात आणि डोके घातल्यावर. सुरक्षेची तपासणी मात्र बहुतेक चालू मशीनचीच होते.

सर्वांत आधी आरगॉनबद्दल. त्याला रंग नाही, वास नाही, तो विषारीही नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेत तो जवळजवळ १ टक्का असतोच, त्यामुळे कुणाला त्याची भीती वाटत नाही. पण तो हवेपेक्षा सुमारे ३८ टक्के जड आहे आणि वेंट केलेल्या चेंबरच्या तळाशी बसून राहतो. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची मानतात, १० च्या खाली शुद्ध हरपू लागते, आणि प्राणवायू जवळपास नसेलच तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. जीव घाबरा होतो तो शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. इथे तो प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर जात असतो, म्हणून गुदमरल्याची जाणीवच होत नाही.

हे शहाणपण आपल्याकडे नवे नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, होती. पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नसे. आधी हवा खेळू द्यायची, कंदील सोडून पाहायचा, तो विझला तर थांबायचे. आमच्याकडे कंदील चालणार नाही, कारण नायट्रायडिंगच्या भट्टीत हायड्रोजन असतो आणि हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात तो पेट घेऊ शकतो. पण कंदिलाचे काम करणारा ऑक्सिजन मीटर चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळतो. लहान शेडपैकी किती ठिकाणी तो आहे, हे आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा पाहावे.

या चुका अडाणी माणसांच्या आहेत असे कुणी समजू नये. १९ मार्च १९८१ रोजी अमेरिकेच्या केनेडी अंतराळ केंद्रात कोलंबिया यानाच्या मागच्या कप्प्यात नायट्रोजन भरलेला असताना तंत्रज्ञ आत गेले आणि प्राणाला मुकले. नोव्हेंबर २००५ मध्ये डेलावेअरमधल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात नायट्रोजन भरलेल्या रिअॅक्टरमध्ये पडलेला चिकटपट्टीचा रोल काढायला गेलेला कामगार आत कोसळला, आणि त्याला वाचवायला उतरलेला सहकारीही गेला. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने १९९२ ते २००२ या काळातल्या नायट्रोजनच्या दुर्घटनांचा आढावा घेतला तेव्हा ८५ घटनांत ८० मृत्यू निघाले. आपल्याकडे असा आढावा घ्यायचा तर नोंदीत ‘नायट्रोजन’ किंवा ‘आरगॉन’ हा शब्द यायला हवा. ‘गुदमरून मृत्यू’ एवढ्या नोंदीवरून काहीच कळत नाही.

बंदिस्त जागेसाठी जुन्या कायद्यात कलम ३६ होते आणि ते चांगले होते: आत जाण्यापूर्वी चाचणी, सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला, दोर-पट्टा, श्वसनाचे साधन हाताशी. कलम ३६अ प्रमाणे आत २४ व्होल्टच्या वरचा हातदिवाही चालत नसे. पण कारखान्यात हे कलम टाकी, गटार, मॅनहोल यांच्यापुरतेच समजले जाते. आमच्या चेंबरमध्ये बहुतेक वेळा पूर्ण माणूस शिरत नाही. कमरेपर्यंत वाकून शील्ड (भिंतींवर थर बसू नये म्हणून लावलेले पत्रे) काढतो, खाली पडलेला बोल्ट उचलतो. ‘आत गेलाच नाही, मग परमिट (आत जाण्याचा लेखी परवाना) कशाला?’ हा सुपरवायझरचा ठरलेला प्रश्न. अमेरिकेच्या नियमात उत्तर स्वच्छ आहे: शरीराचा कोणताही भाग उघडीच्या पातळीपलीकडे गेला की तो प्रवेश. एवढे एक वाक्य आपल्या नियमांत आले तरी पुष्कळ काम होईल.

विजेचेही तसेच. नायट्रायडिंगमध्ये जॉब, म्हणजे कडक करायचा भाग, हाच कॅथोड (ऋण टोक) असतो, त्यावर काहीशे व्होल्ट डीसी. कोटिंगमध्ये जॉबला व्होल्टेज देणारा बायस सप्लाय हजार व्होल्टपर्यंत जातो. मेन स्विच पाडला तरी सप्लायमधले कपॅसिटर काही काळ चार्ज धरून ठेवतात, म्हणून तो चार्ज जमिनीत उतरवणारा अर्थिंग रॉड लावल्याशिवाय हात लावायचा नसतो. दार उघडताच वीज तोडणाऱ्या लिमिट स्विचला जम्पर, म्हणजे तो निकामी करणारा वायरचा तुकडा, मारून ठेवलेली मशीन मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. स्विच खराब असतो, उत्पादन थांबवायचे नसते, तात्पुरता तुकडा जोडला जातो आणि तो वर्षभर तिथेच राहतो. त्या तुकड्याबद्दल पुढच्या शिफ्टला कुणी सांगत नाही. वीज, गॅस, कॉम्प्रेस्ड हवा हे तिन्ही कुलूप लावून बंद करायचे आणि किल्ली ज्याचे हात आत आहेत त्याच्याच खिशात राहायची, ही लॉक-आउटची पद्धत इथे सक्तीची हवी. हवेचे कुलूप लोक हमखास विसरतात. लाइनमध्ये उरलेल्या हवेवर चेंबर आणि पंपामधला गेट व्हॉल्व्ह बंद होतो आणि बोटे त्यात असतात.

पंपांविषयी थोडक्यात. चेंबरची पोकळी करणाऱ्या, उकळत्या तेलाच्या वाफेवर चालणाऱ्या डिफ्यूजन पंपाचे तेल गरम असताना आत हवा गेली तर, विशेषतः खनिज तेल असेल तर, भडका उडू शकतो. थंड होईपर्यंत थांबणे हाच उपाय, आणि थांबायला वेळ कुणी देत नाही. शील्डवरून खरवडलेली टायटॅनियमची बारीक भुकटीही जळते. त्यावर पाणी मारायचे नसते, कोरडी वाळू टाकायची असते. हे सफाई करणाऱ्या हेल्परला माहीत असायला हवे. त्याला आपण झाडू आणि पाण्याचीच बादली देतो.

आता कायद्याचे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या व्याख्येत वीज वापरणारा ‘कारखाना’ २० कामगारांपासून सुरू होतो. कोटिंगचे एक चेंबर चालवायला इतकी माणसे लागतच नाहीत. कोट्यवधींची मशीन आणि शेडमध्ये नऊ-दहा जण, त्यातले देखभालीचे बहुतेक एएमसीवाल्या (वार्षिक देखभाल कराराच्या) ठेकेदाराचे, हे आमच्याकडचे नेहमीचे चित्र. जोखीम मोजायची तर ती माणसांच्या संख्येवर मोजून कशी चालेल? चेंबरच्या आकारमानावर, आत सोडल्या जाणाऱ्या गॅसवर आणि व्होल्टवर मोजा. राज्याचे नियम आणि मानके ठरवताना निष्क्रिय वायूने वेंट होणारी चेंबरे नाव घेऊन बंदिस्त जागेत घाला, कामगार किती हे न पाहता. आणि ठेकेदाराचा माणूस आत वाकलेला असताना परमिटवर सही कुणाची, मशीनमालकाची की ठेकेदाराची, हेही लिहून टाका. आज दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. माझ्या मते सही मालकाचीच असावी, कारण गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह आणि विजेचा मेन त्याच्या ताब्यात असतो.

राज्यात सेमीकंडक्टर प्रकल्प आणण्याची चर्चा सुरू आहे, त्याचे स्वागतच आहे. पण तिथल्या प्लाझ्मा चेंबरात क्लोरीनयुक्त वायू असतात. ते चेंबर दमट हवेत उघडले की भिंतीवरच्या अवशेषांतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. सिलेन वायू तर हवेत आपोआप पेटतो. त्या कंपन्या स्वतःचे कडक नियम घेऊन येतील. त्यांच्यासाठी सुटे भाग धुणाऱ्या, पंप दुरुस्त करणाऱ्या छोट्या शेड मात्र आपल्याच एमआयडीसीत उभ्या राहतील, आणि त्यांच्यावर लक्ष आपल्यालाच ठेवावे लागेल.

दर ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ आम्ही घेतो, बिल्ला लावतो. त्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, एक विनंती आहे. आमच्या भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि मशीन उघडतात त्या गुरुवारी, नाहीतर दिवाळीच्या शटडाऊनमध्ये. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना तेव्हा पाठवा. सोबत ऑक्सिजन मीटर असू द्या. पॅनल उघडून जम्पर शोधायला सांगा, आणि कुलपाच्या किल्ल्या कुणाच्या खिशात आहेत ते विचारायला सांगा.

आपला,
व्हॅक्यूम मशीनच्या देखभालीवर काम करणारा एक तंत्रज्ञ,
भोसरी, पुणे