जिंजीच्या राजगिरीवर भेटलेल्या अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारलं तेव्हा तुम्ही हसून "अण्णा बस" एवढंच म्हणालात, म्हणून हे पत्र अण्णांच्याच नावाने. शेजारणीकडून त्याचं तमिळ करून घेऊन किल्ल्याच्या तिकीटखिडकीवर पाठवतोय. मराठी मात्र सगळ्यांनी वाचावं म्हणून इथे ठेवतोय, कारण आता आमच्याकडची माणसं तुमच्याकडे यायला लागणार. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले ११ महाराष्ट्रात आणि बारावा तुमचा, तमिळनाडूतला जिंजीचा.

खरं तर आम्ही निघालो होतो पाँडिचेरीला. बंगळुरूहून होसूर, कृष्णगिरी, तिरुवण्णामलै, जिंजी, तिंडिवनम हा शनिवार-रविवारवाल्यांचा नेहमीचा रस्ता. बायकोला नि लेकीला समुद्र हवा होता. बाबा साताऱ्याहून आले होते आणि त्यांना फक्त जिंजी हवी होती. होसूर यायच्या आतच त्यांचं सुरू झालं: राजाराम महाराज वेष बदलून पन्हाळ्याहून याच बाजूला आले, बंगळुरात ओळखले जाता जाता वाचले, खंडो बल्लाळ मागे राहिला नि त्याने मार खाल्ला पण तोंड उघडलं नाही. लेकीने तिरुवण्णामलैपर्यंत हे दोनदा ऐकलं.

बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. राजगिरी, म्हणजे जिंजीच्या तीन डोंगरी किल्ल्यांतला तुमचा, पायथ्यापासून आठेकशे फूट. आमचं ठरलं होतं की त्यांनी खाली कल्याण महाल, धान्याची कोठारं, तोफा बघायच्या आणि सावलीत बसायचं. त्यांना हे सांगितलं नव्हतं, एवढंच. पायऱ्यांशी आल्यावर व्हायचं तेच झालं. ते निघाले, मी अडवलं, आवाज चढले. तुमची कामाची पाळी वर होती, तुम्ही डबा घेऊन चढतच होतात. तुम्ही बाबांकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि त्यांना म्हणालात, "आओ सर, मैं दिखाता हूँ."

मला तेव्हा तुमचा रागच आला होता.

मग तुम्ही दाखवत गेलात. वीस-पंचवीस पायऱ्या झाल्या की काहीतरी दाखवण्यासारखं निघायचंच. समोरचा कृष्णगिरी, म्हणजे राणीचा किल्ला. पलीकडचा चंद्रगिरी. तिन्ही डोंगरांना बांधून घेणारी तटबंदी कुठून कुठे जाते ते. खालच्या वेंकटरमण मंदिराचं गोपुर. एका ठिकाणी तर तुम्ही माकडांच्या टोळीतला म्होरक्या कोणता यावर चांगली पाच मिनिटं घालवलीत, आणि बाबा दगडावर टेकून ऐकत होते. अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं की तुम्ही थांबत होतात ते बाबांचा श्वास ऐकून. एकदाही "दम लागला का" विचारलं नाहीत, हात धरला नाहीत, "इस उमर में" असलं काही बोलला नाहीत. आम्ही घरची माणसं हे सगळं रोज करतो आणि ते रोज चिडतात.

माथ्याजवळ कडा तुटलेला आहे आणि मधल्या घळीवर लाकडी पूल आहे, तिथे बाबांनी तुम्हाला शिकवायला घेतलं. शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली १६७७ मध्ये, आणि पुढे राजारामांच्या वेळी मुघल सरदार झुल्फिकार खानाचा वेढा १६९८ पर्यंत जवळजवळ आठ वर्षं चालला. तुम्हाला हे ठाऊक नसेल असं कसं म्हणू? तरी तुम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलंत. मग हळूच म्हणालात की १७५० मध्ये फ्रेंचांच्या बुसीने हाच किल्ला एका रात्रीत घेतला. बाबांना ते अजून पटलेलं नाही. गाडीत त्यांचं मत पडलं की तेव्हा आत मराठे नव्हते, म्हणून.

खाली आल्यावर तुम्ही पैसे घेतले नाहीत. आम्हीच वर तुमच्या डब्यातला लिंबूभात खाऊन आलो होतो.

पाँडिचेरीबद्दल फार सांगत नाही. संध्याकाळी समुद्रालगतचा रस्ता गाड्यांना बंद होतो हे फार चांगलं करतात. लेक बेकरीत रमली, बायको पिवळ्या भिंतींचे फोटो काढत सुटली. बाबा एकच काम घेऊन आले होते, तुम्ही सांगितलेलं: गांधींच्या पुतळ्याभोवतीचे खांब बघायचे. फ्रेंचांनी जिंजीहून उचलून आणलेले ते कोरीव दगडी खांब. बाबांनी प्रत्येकावर हात ठेवला, मग भेळवाल्यापासून फुगेवाल्यापर्यंत दिसेल त्याला, हे आमच्या जिंजीचे आहेत, असं मराठीतून सांगितलं. फुगेवाल्याने मान डोलावली.

डॉक्टरांना त्यांनी हे सगळं स्वतःच सांगितलं. डॉक्टर आधी माझ्यावर ओरडले, मग रिपोर्ट बघून गप्प बसले.

अण्णा, मनापासून आभार. आता त्यांना राणीचा किल्ला बघायचाय. उन्हाळा नको, पाऊस सरल्यावर थंडीत येऊ म्हणतो. तुमची पाळी तिकडेही लागते का, ते तेवढं कळवा. पैसे घेऊ नका, पण साताऱ्याचे कंदी पेढे आणणार आहोत, त्यांना नाही म्हणायचं नाही.

तुमचा,
त्या आजोबांचा मुलगा