मनू, समोर बोललो असतो तर भांडण झालं असतं

मनू,

पहाटेचे पावणेपाच वाजलेत. आई झोपलीय, तूही झोपलीयेस, म्हणजे झोपलीयेस असं म्हणायचं, कारण रात्रभर दात खात होतीस. मी हॉलमधे दिवाणावर, तू आतल्या खोलीत, मधे नुसता पडदा, सगळं ऐकू येतं गं. लहानपणी अशी दात खायला लागलीस की आई म्हणायची जंत झालेत आणि वावडिंग द्यायची. आता जंत नाहीत, आता ऑफिसचा क्वार्टर एंड आहे, तिमाही हिशोबाची घाई, त्याला वावडिंग चालत नाही.

हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितोय कारण समोरासमोर मी तोंड उघडलं की तू म्हणतेस बाबा प्लीज आता नको, मग मी चिडतो, मग आई दोघांवर चिडते आणि आमटी गार होते. तर हे बसमधे वाच, नाहीतर लंचला वाच, उत्तर द्यायची गरज नाही.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. २००३ साली मी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली हे तुला माहितीये, पण घेतली म्हणजे काय, आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं आणि कागद पुढे सरकवला, सही करा. कंपनीचं नाव काढत नाही, जाऊदे. तुझी दुसरीची परीक्षा नुकतीच संपली होती. मी घरी आईला काही बोललोच नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा आंघोळ करून डबा घेऊन निघालो आणि सायनहून चालत चालत माटुंग्याच्या फाईव्ह गार्डनला जाऊन बसलो. असे तीन आठवडे! रोज साडेआठला निघायचं आणि संध्याकाळी सहाला घरी, ड्युटी करून आल्यासारखा दमून.

पहिले चार-पाच दिवस तर भयंकर गेले. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचो, पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती वाचून झाल्या की परत त्याच वाचायचो, ओळखीचं कोणी दिसेल म्हणून तोंड लपवून बसायचो, छाती सारखी धडधडायची. मग एका दुपारी डबा खाताना वर बघितलं तर एक कावळा चोचीत तार घेऊन आला होता. कपड्याच्या हँगरची असते ना, तशी वाकडी. फांदीच्या बेचक्यात ती बसेना. एकदा टाकली, पडली. खाली येऊन उचलली, उलटी धरली, परत पडली. मी पोळी हातात तशीच धरून बघत बसलो, आणि शेवटी त्याने ती तार आडवी न घालता उभी खुपसली, वर एक काटकी टाकली आणि पाय देऊन दाबली. खरं सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा अर्धा तास मी घड्याळ बघितलं नव्हतं.

त्यानंतर मी त्या कावळ्याचीच ड्युटी केली म्हण ना. एप्रिल-मे म्हणजे त्यांचे घरट्याचे दिवस आणि कोकिळांचेही. कोकीळ नर समोरच्या झाडावरून मुद्दाम कुहू कुहू करून डिवचतो, कावळे चिडून त्याच्या मागे लागतात, तेवढ्यात ती ठिपक्यांची कोकिळा हळूच येऊन त्यांच्या घरट्यात अंडं घालून पसार. शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, पण मी ते डोळ्यांनी बघितलं, वयाच्या एक्केचाळीसाव्या वर्षी, बेकार असताना. आणि रात्री मला झोप लागायला लागली. नोकरी नव्हतीच, पैशाची काळजी तशीच होती, पण झोप लागायला लागली.

तू म्हणशील बाबा हे झालं तुमचं, डेटा काय? तर तो पण वाचलाय मी, रिकामा माणूस काय करणार. १९८४ मधे रॉजर उलरिक म्हणून एका अमेरिकन संशोधकाचा पेपर आला होता. हॉस्पिटलमधे पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटच्या नोंदी त्याने तपासल्या, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले साधारण एक दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलर कमी लागल्या. दुसरा २०१९ चा, इंग्लंडमधल्या जवळजवळ वीस हजार लोकांचा, त्यात आठवड्याला १२० मिनिटं तरी झाडापाण्यात घालवणारे लोक तब्येतीने आणि मनाने बरे असल्याचं सांगत होते, ते दोन तास एकदम घालवा नाहीतर तुकड्या-तुकड्याने, फरक नाही. आता मुळात बरे आहेत म्हणून ते बाहेर पडतात की बाहेर पडून बरे होतात हे त्यातून सिद्ध होत नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो. माझ्यापुरतं मला कावळ्याने सिद्ध करून दिलंय.

गेल्या महिन्यात तू ऑफिसच्या ग्रुपबरोबर लोणावळ्याला गेलीस, रिलॅक्स व्हायला. घाटात चार तास गाडी अडकली, आलीस ती डोकं धरून, आणि सोमवारी परत तेच. तसलं रिलॅक्स मला कळत नाही बुवा. तुला वाटतं निसर्ग म्हणजे टोलनाका ओलांडल्यावर सुरू होतो.

अगं तुझ्या ऑफिसच्या काचेतून जे हिरवं दिसतं, मिठी नदीच्या पलीकडे, ते काय आहे माहितीये का? तू एकदा म्हणालीस खारफुटी असेल. काठाला खारफुटी आहेच, पण आत महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, धारावी डेपोच्या समोर, ३७ एकर. आणि ते जंगल मुळात तिथे नव्हतंच, तिथे डम्पिंग ग्राउंड होतं! मी सातवी-आठवीत असताना माहीमला मावशीकडे जायचो ना, तेव्हा बस धारावीजवळ आली की सगळे नाकाला रुमाल लावायचे, कंडक्टरसुद्धा. १९७७ पर्यंत तिथे कचरा पडत होता. मग बंद केलं, आणि १९८३ ला सलीम अली, ते पक्ष्यांवाले, त्यांच्या हातून तिथे पहिलं झाड लावलं. लोकांसाठी उघडलं ते १९९४ ला. खाली वर्षानुवर्षांचा कचरा दाबलेला आणि वर झाडं इतकी दाट की दुपारी बाराला सावलीत गारवा लागतो.

मी मंगळवारी जाऊन आलो, तुला बोललो नाही. तिकीट काढलं आणि आत शिरलो, पाचेक मिनिटांत लिंक रोडचे हॉर्न मागे पडले, म्हणजे येतात ऐकू, पण दुसऱ्याच्या घरातला टीव्ही ऐकू यावा तसे. एका शिंजीराने माझ्यापासून दोन हातांवर फुलात चोच घातली, अंगठ्याएवढा जीव, जांभळा-काळा चमकत होता. मी श्वास धरून उभा होतो आणि तेवढ्यात तुझा मेसेज आला, बाबा गॅस बुक केला का. केला नव्हता. आधी पक्षी बघितला, मग केला.

तू मेडिटेशनचं अ‍ॅप घेतलंयस, त्यात पावसाचा आवाज लावून झोपतेस आणि त्यात स्ट्रीक, म्हणजे रोजची साखळी, तुटली की वैतागतेस, हे मी बघतो. इथे स्ट्रीक नाही. कोणी शिंजीर मोजून मॅनेजरला पाठवत नाही. एक मात्र ऐक, झाडाखाली बसलं की सगळं बरं होतं असं मी म्हणत नाहीये, दाताचं जबड्याचं डॉक्टरला दाखवायचंच आहे, अपॉइंटमेंट मी घेऊन ठेवतो, नाही म्हणू नकोस.

या शनिवारी सकाळी जाऊ. बसने दोघं. लॅपटॉप नको, फोन असूदे, ऑफिसचा आला तर उचल, मी तोंड वाकडं करणार नाही, जमेल तितकं. आई मेथीचे पराठे देते म्हणालीय.

हो, आईला सगळं माहितीये. तेव्हापासूनच माहितीये. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी दारातच म्हणाली होती, आधी कॉलर झटका, सोनमोहराची फुलं पडलीयेत सगळी, तुमच्या कंपनीच्या आवारात तर एक झाड नव्हतं. आणि चहा टाकायला आत गेली.

रुमाल घे बरोबर. मिठीचा वास अजून येतो.

बाबा