आधी गाणं होतं, टॉवर मागून आला

मा. संपादक,

गेली बत्तीस वर्षं मी साउंडचं काम करतो. राहायला लालबागला. सुरुवात परळच्या ‘दामोदर’ नाट्यगृहाच्या विंगेत केबल ओढण्यापासून झाली, मग नाटकांचे दौरे, मग ऑर्केस्ट्रा आणि अलीकडची बारा वर्षं लोअर परळच्या एका मिल कंपाउंडमधल्या छोट्या जागेत आठवड्यातून तीन दिवस मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज जुळवायच्या टेबलावर. जागा जेमतेम सव्वाशे माणसांची. गेल्या महिन्यात तिथलं लाइव्ह गाणं बंद झालं. शेजारी टॉवर उभा राहिला, लोक राहायला आले, तक्रारी सुरू झाल्या, पोलीस दोनदा येऊन गेले आणि मालकाने हात टेकले. आता तिथे मोठ्या स्क्रीनवर क्रिकेट चालतं.

तक्रार करणाऱ्यांवर माझा राग नाही. मीही चाळीत राहतो. मिरवणुकीत डीजेच्या भिंती आमच्या खिडकीसमोर येऊन थांबल्या की फळीवरची ताटं थरथरतात. आई होती तेव्हा त्या रात्री तिला बहिणीकडे विरारला नेऊन ठेवायचो. झोप मोडली की माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्री दहाची मर्यादा मला पूर्ण मान्य आहे. पण त्याच नियमांनी बंद सभागृहांचा वेगळा विचार केला आहे, आणि आमची जागा चार भिंतींची, छताची, दाराची होती. प्रश्न त्या भिंती आणि ती दारं कोणी जाड करायची, एवढाच होता. तो कोणी विचारलाच नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला पाच आठवडे राहून आलो. जावई म्हणाले, "बाबा, म्युझियम बघायचं की राजवाडा?" मी म्हटलं, गाण्याच्या जागा दाखवा. ऑक्सफर्ड स्ट्रीट म्हणजे त्यांचा दादरचा बाजार म्हणा, तितकी गर्दी. तिथे दुकानांच्या ओळीत एक साधं दार आहे आणि पायऱ्या उतरल्या की तळघरात ‘१०० क्लब’. १९४२ सालापासून, म्हणजे वर शहरावर बॉम्ब पडायचे त्या काळापासून, तिथे गाणं वाजतंय. आधी जॅझ, मग ब्लूज, १९७६ मध्ये पंक. लाल भिंती, मधेमधे खांब, आणि स्टेज खोलीच्या टोकाला नसून लांब भिंतीच्या मधोमध. साउंडवाल्याला ही रचना डोकेदुखीच. दोन्ही बाजूंच्या लोकांना सारखं ऐकू जायला हवं आणि खांबांमागे आवाज मरतो. मिक्सरवरच्या मुलाला मी खुणेनेच विचारलं, मागे उभा राहू का? त्याने सरकून जागा दिली. तासभर त्याची बोटं बघत होतो. गायिकेचा आवाज वर काढायला तो तिच्या फेडरला, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणाला, हातच लावत नव्हता, बाकीची वाद्यं केसाएवढी खाली घेत होता. आमचे उस्ताद हेच शिकवायचे.

सोहोमध्ये ‘रॉनी स्कॉट्स’लाही गेलो. हा जॅझ क्लब १९५९ मध्ये एका तळघरात सुरू झाला आणि १९६५ पासून फ्रिथ स्ट्रीटवर आहे. त्याच काळात मुंबईत जन्मलेला गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा लंडनला गेला आणि तिथल्या जॅझमध्ये त्याने नाव कमावलं. आपल्या चर्चगेट-कुलाब्याच्या हॉटेलांत तेव्हा गोव्याच्या वादकांचे बँड रोज वाजत होते, हे आज किती जणांच्या लक्षात आहे?

लंडनमध्ये सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. २००७ ते २०१५ या आठ वर्षांत त्या शहराने गाण्याच्या अशा छोट्या जागांपैकी सुमारे ३५ टक्के गमावल्या. कारणं आपलीच: वाढलेलं भाडं, पुनर्विकास, नव्या शेजाऱ्यांच्या तक्रारी. फरक पुढे पडला. एलिफंट अँड कॅसल भागात ‘मिनिस्ट्री ऑफ साउंड’ हा क्लब १९९१ पासून आहे. त्याच्यासमोर राहत्या घरांचा मनोरा येणार होता. बरीच वर्षं भांडण चाललं. शेवटी ठरलं की घरांचा आवाजापासून बचाव बिल्डरने बांधतानाच करायचा आणि तिथे घर घेणाऱ्याने क्लबचा आहे तेवढा आवाज आधीच मान्य करायचा. पुढे हेच तत्त्व २०१८ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात आणि २०२१ च्या लंडनच्या विकास आराखड्यात आलं. त्याला ते ‘एजंट ऑफ चेंज’ म्हणतात. जो नंतर येऊन बदल घडवतो, बंदोबस्ताचा खर्च त्याचा. आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे. जुन्या वस्तीत नवा क्लब काढणाऱ्यालाही आपल्या भिंती आपणच जाड कराव्या लागतात.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. गाण्याचे शब्द, बासरी, झांज हे भिंत सहसा अडवते. अडत नाही तो बेस, म्हणजे खालचा जाड आवाज. ढोलकीची धुम, किक ड्रम, बेस गिटार ह्यांच्या लाटा लांब असतात, त्या स्लॅबमधून, खांबातून, दाराखालच्या बोटभर फटीतून निघून जातात. त्याला जड भिंत लागते, दोन भिंतींत मोकळी पोकळी लागते आणि एकामागे एक दोन दारं लागतात, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद असतं. समोरच्या इमारतीला जाड दुहेरी काचेच्या खिडक्या बांधतानाच बसवल्या, तर टॉवरच्या एकूण खर्चात तो आकडा दिसणारही नाही. सव्वाशे माणसांच्या जागेला तेच काम नंतर करायला सांगणं म्हणजे शटर ओढायला सांगणं. आमच्या मालकाने दार बदललं, छताला रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारा दगडी लोकरीचा थर, भरलं. त्याच्यापुढे त्याच्याकडे पैसे नव्हते.

परवान्यांचं थोडक्यात. खाद्यगृह, अग्निशमन, उत्पादन शुल्क, वर पोलिसांचा कार्यक्रमाचा परवाना. अग्निशमनात एक सूतही सूट नको. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलमध्ये १४ जीव गेले, मी तेव्हा दोन कंपाउंड सोडून काम करत होतो. ती रात्र मी विसरलेलो नाही. पण गाण्याच्या परवान्यात सुटसुटीतपणा आणता येतो. इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ च्या कायद्याने दारूचा परवाना असलेल्या छोट्या जागांना सकाळी ८ ते रात्री ११ लाइव्ह गाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. आधी मर्यादा २०० श्रोत्यांची होती, २०१५ मध्ये ५०० केली. त्रास झाला तर ही सवलत काढून घेता येते.

धोबी तलावचं रंगभवन आठवा. १९७८ ची ‘जॅझ यात्रा’, म्हणजे जॅझचा महोत्सव, तिथे झाली. कॉलेजात असताना मी तिथे रॉकचे कार्यक्रम साउंडच्या टेबलामागे उभा राहून बघितले, हा धंदा धरायचं तिथेच ठरलं. शांतता क्षेत्राच्या नियमाने ते थांबलं. ते नाट्यगृह उघड्यावरचं होतं, जवळ इस्पितळं होती, ते मी समजू शकतो. बंद खोल्यांना मात्र तोच न्याय लावू नका.

म्हणून महापालिका आणि नगरविकास खात्याला माझी विनंती आहे. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास नियमावलीत एक कलम घाला. परवाने असलेली आणि काही वर्षं चालू असलेली नाट्यगृहं, गाण्याच्या जागा, तालमीचे हॉल यांच्याजवळ नवी इमारत येणार असेल, तर आवाजाची मोजणी बांधकामाच्या परवानगीआधी व्हावी, बंदोबस्त बिल्डरने करावा आणि घर घेणाऱ्याला ते करारात लिहून कळावं. गिरणगावात अजून कितीतरी टॉवर यायचे आहेत.

शेवटच्या दिवशी आमच्याकडे ठाण्याच्या पोरांचा बँड होता. बेस गिटार, कीबोर्ड आणि ढोलकी, गाणी त्यांचीच, मराठीतली. ढोलकीवाला विशीतला, कड्या चढवून चाटीला एक टिचकी मारायचा, कान लावायचा, पुन्हा चढवायचा. कार्यक्रम झाल्यावर मी केबली गुंडाळत होतो तेव्हा तो जवळ आला आणि म्हणाला, "काका, आता कुठे वाजवायचं?" मी त्याला दोन फोन नंबर दिले. दोन्हीकडे आता लाइव्ह बंद आहे असं त्याने परवा कळवलं.

आवाज मोजायचा मीटर माझ्याकडे आहे. महापालिकेच्या कुणा अधिकाऱ्याला त्या टॉवरच्या गच्चीवर आणि आमच्या बंद जागेच्या दाराशी उभं राहून स्वतः मोजणी करायची असेल, तर कुठल्याही रात्री बोलवा. मालकाची परवानगी मी घेतो, स्पीकर मी लावतो.

एक साउंड ऑपरेटर, लालबाग, मुंबई